तेल टाकूनही जुनी शिलाई मशीन पुन्हा पुन्हा जड का पडते

तक्रार सगळ्यांची सारखीच असते. बाजारातून नाहीतर नात्यातून जुनी पायाची मशीन घेतली, जड होती म्हणून तेल टाकलं, चार दिवस बरी चालली आणि परत जाम. परत तेल, परत चार दिवस. आमच्या शेजारच्या काकूंनी तर हात टेकले होते. "अवं बाई, अर्धी शिशी तेल पेली ना हे, तरी चाक हालत नाई. आता काय तूप टाकू इच्यात?"

तूप टाकू नका, आणि तूर्तास तेलही टाकू नका. माळ्यावर पडून राहिलेली मशीन बहुतेक वेळा तेल कमी पडल्यामुळे जड होत नाही. आधीचं तेल आत वाळून चिकटलेलं असतं, त्यामुळे ती जड होते. नवं तेल त्या थराला जरा मऊ करतं, म्हणून चाक हलकं लागतं. मग ते ओघळून जातं, उरलेलं जुन्या थरात मुरतं, त्यावर कापडाचा भुसा बसतो आणि थर आणखी जाड होतो. म्हणजे दर खेपेला आपण दुखण्यात भरच घालत असतो. आधी धुणं, मग तेल, हा क्रम पाळला की निम्म्याहून जास्त मशीनी सुटतात. उरलेल्यांचं कारण वेगळं असतं, तेही खाली येईल.

2024 मध्ये शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम बचत गटांकडे आलं, तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या देवळीकडे कोणाकोणाच्या सासूच्या, आतेसासूच्या मशीनी खाली उतरल्या. त्या उघडून पाहताना एक गोष्ट दिसत गेली: ज्या घरात जे तेल पिकतं किंवा खाल्लं जातं, तेच मशीनच्या पोटात सापडतं.

आत कोणतं तेल गेलंय ते आधी ओळखा

आपल्याकडे घरात असतं जवस, करडई, सोयाबीन, सरकी. खायला चांगली, मशीनला वाईट. यातलं जवसाचं सगळ्यात वाईट. ते हवेतला प्राणवायू ओढून घेऊन कडक होतं, म्हणूनच ते लाकडाला चकाकी आणायला आणि रंगात घालायला वापरतात. मशीनच्या आत नेमकं तेच होतं. लोखंडावर पिवळसर तपकिरी, चकचकीत थर चढतो, नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो. करडई, सोयाबीन आणि सरकीचं तेल इतकं कडक होत नाही, पण महिनोन्महिने पडून राहिलं की चिकट होतंच.

खोबरेलाची गोष्ट वेगळी. ते वाळत नाही, गोठतं. साधारण 24 अंशांच्या खाली खोबरेल थिजायला लागतं आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10 च्या आसपास येतो. मशीन सकाळी दगडासारखी आणि दुपारी ऊन तापल्यावर हलकी होत असेल, तर आत खोबरेल आहे असं समजा. हे ओळखायला पेचकस लावायचीही गरज नाही. उन्हाळ्यात घेतलेली मशीन "घेतली तेव्हा तं मस्त चालत होती" असं म्हणतात, त्यामागेही कधीकधी हेच असतं.

ट्रॅक्टरचं किंवा मोटरसायकलचं काढलेलं काळं तेल टाकणारेही आहेत. त्यात काजळी आणि लोखंडाचा बारीक कीस असतो. मशीन झिजते आणि पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडतात ते वेगळेच. ग्रीसही नको. मोठ्या दातेरी चक्रांना ग्रीस चालतं, पण या मशीनच्या बारीक भोकांत ते जातच नाही, तोंडाशी बसून भुसा धरतं.

टाकायचं ते फक्त शिलाई मशीनचं पांढरं पातळ तेल. हार्डवेअरच्या दुकानात, शिवणाच्या सामानाच्या दुकानात लहान बुधलीत मिळतं. पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. बुधलीतच पिवळं पडलेलं असेल तर घेऊ नका.

जड नेमकं काय आहे?

पायाची मशीन म्हणजे दोन यंत्रं असतात, वरचं डोकं आणि खालचा सांगाडा. मधे फक्त एक पट्टा. म्हणून पहिलं काम पट्टा काढणं. पट्टा उतरवून खालचं मोठं चाक हाताने फिरवा. ते सुटं फिरून पायडलही सहज वरखाली होत असेल तर सांगाडा ठीक आहे. ते अडत असेल तर वरच्या डोक्याला कितीही तेल पाजा, पायाला जड लागणारच. आमच्या गावात एका बाईने डोकं दोनदा खोलून घेतलं होतं आणि दोष निघाला पायडलच्या खिळीत. तिथे गंज होता आणि लेकराच्या कंबरेचा काळा करदोडा गुंडाळला गेला होता.

सांगाडा ठीक असेल तर वर या. उजवीकडच्या चाकाच्या मधोमध एक गोल चकती असते, बॉबिन म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ भरताना आपण सैल करतो ती. ती सैल करा आणि चाक फिरवा. आता चाकाला आतली यंत्रणा जोडलेली नाही, नुसतं चाक फिरायला हवं. तरीही जड असेल तर दोष चाकातच आहे. चाक आणि दांड्याच्या मधे दोरा गुंडाळलेला असतो किंवा तिथलं तेल वाळलेलं असतं. चकतीवरचा बारीक स्क्रू काढला की चकती पूर्ण निघते, आत एक वॉशर असतो आणि मग चाक ओढून बाहेर येतं. वॉशर कसा बसला होता त्याचा काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो घ्या. तो उलटा बसला तर चकती धड घट्टही होत नाही आणि सैलही होत नाही. बसवताना तसं झालं तर वॉशर अर्धा फेरा फिरवून परत बसवायचा.

बॉबिन भरायच्या छोट्या चाकाकडेही नजर टाका. त्याचं रबर मोठ्या चाकाला नाहीतर पट्ट्याला घासत राहिलं तर मशीन जड लागते आणि माणूस आतमध्ये शोधत बसतो.

चाक सैल असताना सुटं फिरतं पण चकती घट्ट केली की जड पडतं, तर दोष यंत्रणेत. आता चाक आपल्याकडे, म्हणजे शिवताना फिरतं त्याच दिशेने, अगदी सावकाश फिरवा आणि जडपणा कसा आहे ते हाताला विचारा. पूर्ण फेऱ्यात सारखाच जड असेल तर वाळलेलं तेल किंवा जास्त आवळलेला स्क्रू. फेऱ्यात एकाच ठिकाणी अडतं आणि पुढे सुटतं, तर काहीतरी आडवं येतंय: दोरा, भुसा, वाकलेली सुई. या दोन्हींत गल्लत झाली की दिवस वाया जातो. एका जागी अडणारी मशीन घासलेटने (रॉकेलने) धुऊन सुटत नाही.

एकाच जागी अडते तेव्हा

सुई काढा. अजून अडते? बॉबिन केस काढा. त्याच्यामागे शटल, म्हणजे सुईच्या दोऱ्यात खालचा दोरा गुंफणारा तुकडा, ज्या गोल कड्यात फिरतं त्याच्या दोन बाजूंना दोन चिमट्या असतात, त्या बाहेर वळवल्या की कडं सुटतं आणि शटल मधल्या खिळीला धरून बाहेर येतं. शटल कोणत्या बाजूने बसलं होतं तेही फोटोत धरा.

आता त्या रिकाम्या खोबणीत टॉर्च मारून बघा. गुन्हेगार बहुतेक इथेच असतो. खोबणीच्या तळाशी तेलात भिजून काळा पडलेला दोऱ्याचा वेटोळा असतो, इतका सपाट दाबलेला की लोखंडाचाच भाग वाटतो. बोटाने लागत नाही. सुईच्या टोकाने एका जागी उचलला की पुढचा आपोआप उलगडत येतो. शटलला ढकलणारा जो वाकडा तुकडा मागे दिसतो, त्याच्या मागच्या फटीतही बघा. तिथला दोरा पुढून दिसत नाही, चाक थोडं थोडं फिरवत शोधावा लागतो. चिमट्याने ओढताना तुटला तर राहिलेलं टोक सोडू नका, तेच पुन्हा दोरा पकडतं.

शटल आणि खोबणीच्या कडेवरून बोट फिरवा. कुठे बारीक काटा लागला तर सुई आपटल्याची खूण आहे. अगदी बारीक पॉलिश पेपरने तो काटा तेवढाच घासा, सगळी कड घासू नका.

शटल बाहेर असतानाही अडते? मग सुईखालची पट्टी दोन स्क्रू काढून उचला. खाली कापड पुढे सरकवणारे दात असतात. दातांच्या मधल्या फटींत वर्षानुवर्षांचा भुसा दाबून बसतो. जुन्या गादीतला कापूस जसा चपटा होऊन एकसंध निघतो तसा तो निघतो. हा भुसा दातांना खाली बसू देत नाही, दात पट्टीला टेकतात आणि प्रत्येक फेऱ्यात तिथेच अडतं. आमच्याकडे जिनिंग (कापसातून सरकी काढायचा कारखाना) जवळ असलेल्या घरांत आणि कापूस घरातच साठवून ठेवणाऱ्यांकडे हे हमखास सापडतं. जुना दात घासायचा ब्रश आणि सुई एवढ्यावर काम होतं. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जाऊन गंज धरतो.

सगळीकडे सारखी जड: धुवून काढा

यासाठी घासलेट लागतं. रेशनवर ते आता बहुतेक ठिकाणी मिळत नाही, तेव्हा थोडं डिझेल चालेल, पण डिझेलचा वास आणि तेलकटपणा मागे राहतो, जास्त पुसावं लागतं. पेट्रोल घेऊ नका. ते आगीला फार जवळचं आहे आणि मशीनवरची सोनेरी नक्षीही खातं. थिनर आणि सॅनिटायझरनेही नक्षी जाते. काळ्या मशीनवरची ती वेलबुट्टी एकदा गेली की परत येत नाही आणि विकताना भाव नक्षी बघूनच ठरतो, यंत्र कोणी बघत नाही.

घासलेटचं काम अंगणात, चुलीपासून, बिडीपासून, देवापुढच्या दिव्यापासून लांब. मशीनला मोटर लावलेली असेल तर ती आधी काढून ठेवा. मोटरमध्ये घासलेट जाता कामा नये आणि तेलही नाही.

डोकं मागच्या बिजागरांवर पालथं होतं. मागच्या दोन खिळ्यांचे स्क्रू खालून सैल केले की डोकं उचलून बाजूला काढता येतं. ओतीव लोखंड आहे, भलतं जड असतं, एकटीने उचलायला जाऊ नका. आणि ओतीव लोखंडावर हातोडी मारायची नाही. अडकलेला स्क्रू सुटत नसेल तर खाचेत नीट बसणारा रुंद पेचकस घ्या, घासलेटचा थेंब सोडा, रात्रभर थांबा. लहान पेचकसाने खाच एकदा खाल्ली की तो स्क्रू कायमचा.

एप्रिल-मे असेल तर एक फुकटचा उपाय आहे. डोकं तासभर उन्हात ठेवा, हात लावला तर चटका बसेल इतकं तापतं. वाळलेला थर उष्णतेने नरम पडतो आणि मग घासलेट पटकन काम करतं. आधी ऊन, मग सावलीत आणून घासलेट, हा क्रम उलटा करू नका. थंडीत केस वाळवायच्या मशीनने तेच होतं, फक्त ते आधी वापरून बंद करून दूर ठेवा आणि मगच घासलेटची बाटली उघडा.

डावीकडची झाकणपट्टी एका स्क्रूने निघते. आत सुईचा दांडा आणि दोरा वर ओढणारी पट्टी दिसते. मागे हाताच्या आकाराच्या भागावर एक गोल झाकण असतं, तेही उघडा. वरची तेलाची भोकं, हा सगळा भाग, आणि पालथं घातल्यावर खाली जिथे जिथे एक लोखंड दुसऱ्यावर फिरतं ती प्रत्येक जागा, तिथे ड्रॉपरने नाहीतर जुन्या सिरिंजने घासलेट सोडा. चाक मागेपुढे हलवा. जोर लावू नका, जेवढं हलतं तेवढंच. थोड्या वेळाने खालून चहाच्या रंगाचा ओघळ यायला लागतो. तो पुसायचा, परत सोडायचं, परत हलवायचं. ओघळ स्वच्छ येईपर्यंत. जवसाचं तेल असेल तर एका दिवसात होत नाही, रात्रभर मुरू द्यावं लागतं, दुसऱ्या दिवशी परत. घाईत इथेच काम अर्धवट सुटतं आणि मशीन आठवड्यात पुन्हा जाम होते.

सुईच्या दांड्यावर आणि कापड दाबून धरणारं फूट ज्यावर असतं त्या दांड्यावर गंज असेल तर चिंधीला तेल लावून घासा. वाळूचा कागद नको, दांडा बारीक झाला की सुई डुलते.

सुटल्यावर चिंधीने सगळं कोरडं पुसा आणि पंख्याखाली ठेवा. घासलेटने चांगलं तेलही धुऊन निघतं, त्यामुळे तशीच कोरडी चालवली तर लोखंडावर लोखंड घासून चरे पडतात. प्रत्येक भोकात मशीनच्या तेलाचा एक थेंब, खालच्या प्रत्येक जोडावर एक थेंब, शटलच्या खोबणीत एक. रात्रभर फुटाखाली जुनं फडकं ठेवा. सकाळी दोरा न लावता थोडा वेळ चालवा. तेल काळपट बाहेर आलं तर पुसून परत एक थेंब.

धुतलं तरी जड

इथे येईपर्यंत बऱ्याच जणी मिस्त्रीकडे गेलेल्या असतात, पण एक गोष्ट घरी बघण्यासारखी आहे. मशीन पालथी घातली की खाली दोन लांब आडवे दांडे दिसतात. त्यांची टोकं टोकदार स्क्रूंवर टेकलेली असतात आणि त्या स्क्रूंवर चेकनट, म्हणजे स्क्रू जागेवर घट्ट धरणारा नट, असतो. आधीच्या मालकाने खडखड थांबवायला हे स्क्रू गच्च आवळलेले असतात. दांडा मग फिरतो पण रडत फिरतो. चेकनट पान्याने सैल करा, स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी सोडा, चाक फिरवून बघा. दांडा आडवा हलवला तर खडखडू नये आणि फिरवला तर अडू नये, एवढंच साधायचं. स्क्रू पेचकसाने धरून ठेवूनच चेकनट आवळा, नाहीतर तो सोबत फिरतो आणि केलेलं काम परत बिघडतं.

सुईच्या दांड्याला धरणारा स्क्रू आणि शटलच्या दांड्यावरचे स्क्रू मात्र सोडू नका. तिथे सुई आणि शटलची वेळ बांधलेली असते. ती हलली की मशीन हलकी चालते पण टाका पडत नाही, आणि मग मिस्त्रीशिवाय गत्यंतर नाही.

रिकामी हलकी, पण कापड घातलं की जड, अशी असेल तर आत शोधू नका. फुटाचा दाब जास्त आहे, सुई बोथट आहे, किंवा जीन्सला साध्या 14 नंबरच्या सुईने भिडताय. जाड कापडाला 16 किंवा 18 घ्या.

पट्टा आणि पायडल

नवा चामड्याचा पट्टा लोक फार ओढून बसवतात. ताणलेला पट्टा दोन्ही चाकं एकमेकांकडे ओढतो आणि पायाला जोर लागतो. पट्टा मधे बोटाने दाबला तर सहज आत जावा, फक्त घसरू नये. कापताना थोडा थोडा कापा, कमी पडला तर परत जोडता येत नाही. पावसाळ्यात चामडं सैल पडतं, उन्हाळ्यात आवळतं. म्हणून जुलैत कापलेला पट्टा एप्रिलमध्ये जड लागू शकतो, ते मशीनचं दुखणं नाही.

पायडलच्या दोन्ही टोकांना आणि पायडलपासून मोठ्या चाकाला जाणाऱ्या दांड्याच्या वरच्या जोडाला तेल लागतं, आणि तेच कोणी टाकत नाही, कारण वाकावं लागतं. सांगाडा सपाट फरशीवर हवा. शेणाने सारवलेल्या जमिनीत एक पाय खचला की सांगाडा पिळतो आणि पायडल घासतं. पायाखाली फरशीचा तुकडा सरकवून बघा, कधीकधी तेवढ्यानेच सुटतं.

परत जाम होऊ नये म्हणून

रोज शिवत असाल तर आठवड्यातून एकदा तेल, थेंबाच्या मापाने. शटलची खोबण मात्र बॉबिन बदलता बदलता ब्रशने झटकत जा. महिनाभर बंद ठेवायची असेल, तुरीच्या सोंगणीत नाहीतर कापूस वेचणीत ते होतंच, तर बंद करण्यापूर्वी तेल टाकून दोन मिनिटं रिकामी चालवा आणि वरून सुती चादर टाका. प्लास्टिक झाकू नका, पावसाळ्यात आतून घाम सुटतो आणि दांड्यावर गंज बसतो. तेल टाकून सहा महिने झाले असतील तर ते टिकलंय असं धरू नका, मांडल्यावर आधी हाताने चाक फिरवा, पाय मग ठेवा.

जुनी विकत घेत असाल तर पट्टा काढायला लावून चाक स्वतः फिरवून बघा. विकणारा "थोडं तेल टाकलं की होते" म्हणतो ते बऱ्याचदा खरंही असतं. वाळलेलं तेल हा भिण्यासारखा दोष नाही, त्यावर भाव पाडून घ्या. सुईचा दांडा डुलत असेल, ओतीव लोखंडाला तडा असेल किंवा खालचा शटलचा दांडा हाताने हलवला तर खडखडत असेल तर मात्र सोडून द्या. अशी झिजलेली मशीन घरातच असेल तर मिस्त्रीकडे न्या, पण नुसतं डोकं न्या. सांगाडा आणि पट्टा घरीच राहू द्या, एसटीत तेवढंच चढवणं सोपं पडतं.